तुळशीत पुरलेली तार

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार आधी, भांडण नंतर. उद्या तुझं श्राद्ध. दर वर्षी मी गुरुजींना फोन करतो, केळीची पानं आणतो, सांगतील तिथे पाणी सोडतो आणि गप्प बसतो. यंदा गप्प बसवत नाहीये. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुला पहिलं पत्र लिहितोय, तेही एका केबलवाल्यामुळे! हसू नकोस.

झालं असं. माझी नात ऋचा, म्हणजे तुझी पणती, घरी बसून बंगळूरच्या कंपनीचं काम करते. टीव्हीच्या केबलमधूनच इंटरनेट येतं, आणि ते घेणारी एक डबी असते, तिला मॉडेम म्हणतात. परवा ऋचाने ती डबी बैठकीतून उचलली, वायरीला जोड देत देत गच्चीवरच्या खोलीत नेली, आणि तिचं काम ठप्प झालं. काल केबलवाला मीटर घेऊन आला. बाहेर खांबावर मोजलं, बैठकीत मोजलं, जिन्यात मोजलं, मग वर जाऊन मोजलं.

“दादाजी, लाइन एकदम ठीक है,” खाली येऊन तो मला म्हणाला. “नीचे तक सिग्नल बढ़िया आ रहा है, ऊपर जाते-जाते लेवल गिर जाता है. तीन तो जोड़ हैं, ऊपर से घटिया स्प्लिटर. नीचे ही रखो न इसको! ऊपर क्यों ले गए?”

उत्तर ऋचाने दिलं. “भैया, परसों तक मुझे ऊपर ही बैठना है. घर में श्राद्ध है.”

तो समजला. पुन्हा वर गेला, जोड कापून नवे लावले, जमेल तेवढी लेव्हल आणून दिली आणि गेला. ऋचाची पाळी आली होती, आणि सुमनने, तुझ्या सुनेने, तिला सांगितलं होतं की श्राद्ध होईपर्यंत खाली यायचं नाही. मला ठाऊक नव्हतं असं लिहू का? ठाऊक होतं. कानावर आलं होतं आणि मी पेपर वाचत राहिलो होतो.

पण तिचं ते वाक्य ऐकलं आणि मला थेट आपलं ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातलं भाड्याचं घर आठवलं.

ते छप्पन साल कसलं होतं, आई! मध्य भारत मोडून मध्य प्रदेशात घालायचं चाललं होतं. नाना सचिवालयात कारकून. कचेरी ग्वाल्हेरला राहणार, भोपाळला जाणार, की जबलपूरला, रोज नवी अफवा. बातमी सगळ्यांआधी आपल्याला कळावी म्हणून नानांनी रेडिओ आणला. दाल बाजारातून मिस्त्री आला. एक तार गच्चीवर बांबूला बांधली, दुसरी, अर्थिंगची, जमिनीत पुरायची होती. पण आपल्या अंगणात सगळी फरशी! माती होती ती फक्त तुळशीवृंदावनात. मिस्त्रीने तारेच्या टोकाला तांब्याची पट्टी लावून ती तिथेच खोल पुरली.

संध्याकाळी आत्याने ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. नानांची थोरली बहीण, घरातला शेवटचा शब्द तिचा. नाना म्हणाले, “अक्का, तांबंच आहे. आपली संध्येची पळी तांब्याचीच ना?” तेव्हा कुठे ती गप्प झाली.

नानांचा रेडिओ दिल्लीच्या बातम्यांसाठी होता, तुझा नागपूरसाठी. दिवेलागणीनंतर तू काटा हळूहळू फिरवायचीस, आणि खरखरीतून मराठी बोलणं वर आलं की तुझा चेहराच बदलायचा. इथे बाजारात हिंदी, शेजारी हिंदी, मी सुद्धा शाळेतून आलो की “आई, भूक लगी” म्हणणारा. नागपूर लागलं की तू माहेरी. आधी तुला केवढा आनंद झाला होता, की आता ग्वाल्हेर आणि नागपूर एकाच राज्यात! मग नानांनी समजावलं, ग्वाल्हेर मध्य प्रदेशात येणार आणि नागपूर त्यातून बाहेर पडणार. “म्हणजे मी या दारातून आत आणि माहेर त्या दारातून बाहेर?” तू म्हणालीस. “मला न विचारता?” नाना हसले. तू नाही हसलीस.

पण त्या रेडिओचं काहीतरी बिनसलं होतं. मधूनच आवाज पडायचा. नानांनी मला एक वही दिली. रोज बातम्यांच्या वेळी आवाज कसा आहे ते लिहायचं. लख्ख आला तर सोळा आणे, खरखर असली तर बारा, नुसतं पुटपुटणं असलं तर चार. मी अकरा वर्षांचा. सरकारी नेमणूक झाल्यासारखा ऐटीत लिहायचो.

नानांनी काय काय नाही केलं! बांबू उंच केला, तारेचे जोड घासले, शेजारच्या शर्माजींच्या टिनाच्या छपरावर संशय घेतला. मिस्त्रीला दोनदा बोलावलं, आणि दोन्ही वेळा तो आला त्या दिवशी रेडिओ शहाण्या मुलासारखा बोलत होता. “बाबूजी, सेट तो चकाचक है. आपको वहम है.” नानांना फार लागलं ते.

आणि मग मी माझा पराक्रम केला. एका रविवारी नानांनी वही मागितली. मी कॅलेंडर शेजारी ठेवून सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, “नाना, आई बाजूला बसते ना, बरोबर त्याच दिवसांत आवाज चार आणे होतो. तीन महिने बघा!” तू बाजूला का बसतेस हे मला माहीत नव्हतं. मला फक्त शाबासकी हवी होती, आणि ती मिळाली सुद्धा.

“मी म्हणत नव्हते?” आत्या म्हणाली. “यंत्राला कळतं, पण माणसांना नाही कळत! तिला इतक्या जवळ बसवायचंच नाही.”

मॅट्रिकला गणितात पहिले आलेले आपले नाना, त्यांनी होकारार्थी मान हलवली! कशी हलवली गं? त्या दिवसांत तू पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात बसायचीस, तिथून रेडिओ ऐकू तरी यायचा. स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही. महिन्याकाठी तेवढेच चार दिवस तुझे हात रिकामे, तेवढेच दिवस नागपूर सलग ऐकायला मिळायचं, ते आवाज पडल्यामुळे अर्धं हुकायचं. आता तुला अंगणापलीकडे जळणाच्या खोलीत धाडलं. तिथे लाकडं, कोळसा आणि तू. रेडिओ अजिबात नाही. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. रागाने नाही, आणि म्हणूनच मी ते विसरलो नाही.

त्या खोलीतून तुला समोर काय दिसायचं? तुळशीवृंदावन.

पुढच्या महिन्यातली ती संध्याकाळ. उन्हाळा ऐन भरात, दिवसभर गरम वाऱ्याची लू चाललेली. बातम्यांत आज राजधानीचं नक्की सांगणार, अशी कचेरीत हवा होती. नानांच्या कचेरीतले दोघे आलेले, शर्माजी आलेले, आत्या जपमाळ घेऊन दारात. तू दोन दिवसांपासून जळणाच्या खोलीत. आणि रेडिओ पुटपुटतोय! तू अंगणापलीकडे होतीस, तरी पुटपुटतोय. नाना बटणं फिरवून घामाघूम. मी वहीत चार आणे लिहिले आणि नानांना विचारावंसं वाटलं, की आई तर आता लांब आहे. पण धीर झाला नाही.

तेवढ्यात तू खोलीतून बाहेर आलीस. सगळ्यांच्या देखत अंगण ओलांडलंस, हौदावर कळशी बुडवलीस आणि भरलेली कळशी तुळशीत रिकामी केलीस. मग दुसरी. माती पाणी पीत होती, आत्या ओरडत होती, नाना “अगं, अगं” करत होते. दुसरी कळशी संपता संपता आतून दिल्लीचा आवाज वर आला, घसा साफ केल्यासारखा.

तू कळशी खाली ठेवलीस.

“मिस्त्रीने मला सांगितलं होतं, बाईजी, मिट्टी गीली रखना, सूखी में तार बेकार,” तू नानांना म्हणालीस. “मी रोज कळशीभर पाणी घालतेच, म्हणून वेगळं सांगितलं नाही. मी बाजूला बसले की तुम्ही संध्येच्या पळीने तीन पळ्या घालता. या लूमध्ये तीन पळ्यांनी काय होतं? रेडिओ माझ्यामुळे बिघडत नाही. माझ्यावाचून बिघडतो.”

“तुळस जळेल!” आत्या किंचाळली.

“जळली तर मी दुसरी लावीन.”

आणि तू जळणाच्या खोलीत परत नाही गेलीस. ओल्या पावलांनी पुढच्या खोलीत येऊन बसलीस, रेडिओसमोर, पाहुण्यांसमोर. शर्माजींनी आपली खुर्ची सरकवून तुला जागा दिली, हे मला अजून दिसतं. राजधानीबद्दल त्या दिवशी बातम्यांत अवाक्षर नव्हतं! बातम्या संपल्यावर नानांनी काटा स्वतःच्या हाताने नागपूरकडे फिरवला. सॉरी म्हणायची त्यांची तीच पद्धत. तुळस जळली तर नाहीच, श्रावणात अशी फोफावली की आत्यालाच मंजिऱ्या खुडायला लागल्या.

त्यानंतर तू बाजूला बसलीस ती कामातून सुट्टी म्हणून, आणि तुला हवं तिथे. एवढं सगळं तू एका संध्याकाळी केलंस. मग मला का नाही गं शिकवलंस? कान धरून का नाही सांगितलंस, की बाळ, तुझ्या घरात हे चालवून घेऊ नकोस? तुला वाटलं असेल, पोराने डोळ्यांनी पाहिलंय, आता सांगायची काय गरज! जसं पाण्याचं वाटलं तुला. तिथे चुकलीस तू. मी पाहिलं आणि कौतुकाने लोकांना सांगत फिरलो. लग्नात, मुंजीत, कुठेही चार माणसं जमली की तुझी कळशीची गोष्ट रंगवून सांगायची. लोक टाळ्या द्यायचे.

आणि माझ्या स्वतःच्या घरात? सुमन लग्न होऊन आली, तेव्हा तिला बाजूला बसायचं कोणी सांगितलं? आत्याने. आत्या तेव्हा म्हातारी होऊन माझ्याकडे राहत होती, तू नानांबरोबर भोपाळला. आत्या म्हणाली, सुमन बसली, आणि मी कचेरीला गेलो. आत्या गेली तरी सुमन बसतच राहिली. मी कधी विचारलंही नाही का.

आज सकाळी चहाच्या वेळी मी सुमनला म्हणालो, “ऋचाला खाली बोलाव. मॉडेमही खाली आणू. उद्या आईचं पान तीच वाढेल.”

“गुरुजी काय म्हणतील?” ती म्हणाली.

“गुरुजींना चालत नसेल तर त्यांनी शिधा घ्यावा आणि जावं. तर्पण मी माझं करीन. माझी आई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.” आणि मी तुझी गोष्ट पुन्हा सुरू केली, जोरात, हातवारे करत.

सुमनने गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. शंभरदा ऐकलेली. मग कप खाली ठेवून म्हणाली, “ही गोष्ट तुम्हाला माझ्या लग्नाच्या आधीपासून माहीत होती. मग माझ्या वेळी का नाही बोललात?”

ती उठली, जिन्याशी जाऊन ऋचाला हाक मारली, “ये बेटा खाली, नाश्ता करून घे.” ऋचा आली. “आजी, पक्का ना?” सुमन म्हणाली, “पक्का. बैस इथे.” माझ्याकडे तिने पाहिलं नाही, अजूनही बोललेली नाही. दुपार झाली, ती आत उद्याच्या वड्यांची डाळ निवडते आहे आणि मी इथे तुला पत्र लिहितो आहे.

तर आता वचन. उद्या तुझं पान ऋचा वाढेल, हे तर झालंच, त्याला आता कोणाची परवानगी नको. पण पान वाढण्याआधी, गुरुजी बसलेले असतील, मुलगा-सून असतील, शेजारपाजारचे असतील, त्या सगळ्यांच्या देखत मी सुमनची माफी मागणार आहे. तुझी गोष्ट सांगून नाही. माझी सांगून. ती “असू दे आता” म्हणाली तरी थांबणार नाही. आणि ती माफ नाही म्हणाली, तर ते ऐकून घेईन. मगच तुझ्या नावाने पाणी सोडीन.

तुझा,
बाळ