फोटोतली पाटी

१२ जाने.
शाळेच्या ऑफिसात काम कमी होतं. संगणकाच्या सरांना चहा पाजला आणि मेलला फोटो जोडायला शिकून घेतलं. पन्नाशीत का होईना, आलं. भाची रूपानं मला पाठवलेले तिच्या बाळाचे चारही फोटो ताईला पाठवले. नात दीड महिन्याची झाली, आजीनं तोंड पाहिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सोय नाही, ताईचा मोबाईल दाजी रोज संध्याकाळी चाळतात. मेल कोण बघतंय? पीकविम्याच्या फॉर्मवर ताईचा मेल लिहिला होता, तोच वापरला. स्वतःवर फार खूश आहे.

१३ जाने.
ताईचा फोन, गोठ्यातून. "नाक आपल्या आईचं हाय गं." मग नुसती रडली. शेवटी हळूच, "जावई बी बरा दिसतोय."
जावई हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा. दोन वर्षांपूर्वी याच घरानं रूपाचं तेरावं घातलंय, जिवंत पोरीचं. मुलगा बौद्ध, तिच्या वर्गातला, एवढाच गुन्हा. तिचा सख्खा भाऊ विकास तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होता, "घावली तर दोघान्लाबी सोडत न्हाई." रूपा कुठं आहे ते फक्त मला माहीत. गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही.

१५ जाने.
जेवणाच्या सुट्टीत फोटो ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर उघडले, पुन्हा बघावे म्हणून. तिसऱ्यात जावई दुकानाच्या पायरीवर, मांडीवर बाळ. त्याच्या डोक्यामागे दुकानाची पाटी. पाटीवर गाव, तालुका, जिल्हा. लाल अक्षरात, स्वच्छ.
मोबाईलवर मी फक्त बाळ बघत राहिले.
पोळी तशीच डब्यात.
सरांना विचारलं, पाठवलेला मेल परत घेता येतो का? "नाही मॅडम. गेला तो गेला." माझ्याकडचा पुसून टाकला. त्यानं काय होणार.

१५, संध्याकाळ
ताईला फोन. म्हटलं, फोटो काढून टाक, आत्ता. "का? मी तर रोज बघती." सांगितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, हा मेल अजून कुणाच्या मोबाईलवर आहे?
"घरात एकच हाय की. मोबाईलच्या दुकानात काढून दिल्याला. इक्यानं नवा घेतला तवा त्योच टाकला. ह्यांच्या बी मोबाईलात त्योच."
विकासच्याही, दाजींच्याही. म्हणजे मी फोटो ताईला पाठवलेच नाहीत. सगळ्या घराला पाठवले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. शाळेत पोरांना फॉर्म भरताना सांगते, ज्याचा त्याचा वेगळा मेल काढा रे. आणि ताईला एका शब्दानं विचारलं नाही.

१६ जाने.
रूपाला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "मावशी, पाटी मला पण दिसली नाही." म्हटलं, चार दिवस कुठेतरी जा. "तीन घरं बदलली, मावशी. बाळाला घेऊन कुठं जाऊ?" मागे बाळ रडत होतं. फोन ठेवला.

१७ जाने.
ताईनं मेल पुसला. पण तिचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. न उघडलेल्या मेलची अक्षरं ठळक असतात, हे तिला ठाऊक आहे. "ह्यो पयल्यापासनंच फिक्का हुता."
म्हणजे तिच्या आधी कुणीतरी उघडला होता. दाजी की विकास? दाजींना मेल उघडता येत नाही. विकास घरी काय म्हणतो? "काय न्हाई. गप जेवतो."
गप जेवतो, याचीच भीती वाटते.

१९ जाने.
विकास आला. काही न कळवता, ताईच्या गावाहून, पाथर्डीहून थेट. म्हणे कारखान्यावर काम होतं. चहा केला. बोलणं पाऊसपाणी, बैलाचं दुखणं, माझी साखर. तासभर बसला. दारात चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता, "मावशी, फोटू पाठवताना नीट बघून पाठवत जा."
गेला. मी कडी लावून दाराला टेकून बसले. धमकी होती की काळजी? लहानपणी रूपाला पाठीवर घेऊन हाच शाळेत सोडायचा. तेही आठवलं. आठवून धीर आला नाही.

२० जाने.
रूपाचा फोन बंद. जावयाचाही. पाच वेळा लावला.

२१ जाने.
बंदच. निघून गेले असतील. मीच तर जा म्हणाले. असं दिवसभर स्वतःला समजावलं. हजेरीपटात दोन चुका, मुख्याध्यापक बोलले. ताई म्हणते विकास कालपासून घरी नाही, "टेम्पोचं भाडं हाय म्हनला."

२२ जाने.
सकाळी मेल आला. ताईच्या घरच्या मेलवरून. मजकूर एक अक्षर नाही. एक फोटो जोडलेला.
तोच, तिसरा. कापून लहान केलेला. पाटी नाही, गाव नाही. बाळ आहे, मांडी आहे, बाळाला धरलेले दोन हात आहेत. जावयाचं डोकं नाही, गळ्यावरून फोटो कापलाय.
ताईला कापता येत नाही. हे विकासचंच. पाटी डोक्यामागेच होती, ती काढायची तर डोकं जाणारच. मी स्वतः कापला असता तरी असाच कापला असता. दहा वेळा हेच म्हणून झालं.
ताईला विचारलं, विकास आला का? "न्हाई अजून."
रूपाचा फोन बंद. साडेअकराची एसटी आहे, तिच्या गावाला जाणारी. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. पण विकासला पाटीवरून फक्त गाव कळलं असेल. घर मला माहीत आहे, आणि तो माझ्याच मागे आला तर.
अकरा वाजून गेले.