डब्यावर आलेला आळ

ईरी, ४ मार्च २०१२

ती. चेस्टरदादास, बर्निसचा सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आमच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. शोरूमच्या सर्व्हिसवाल्याने कॉम्प्युटर जोडला आणि दहा मिनिटांत सांगितलं, की धूर शुद्ध करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कामातून गेला. बदलायला अठराशे डॉलर. वर म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीत कशाला घालता, नवी घ्या.

महिनाअखेरीला धुराची तपासणी आहे. नापास झाली तर गाडी बाहेर काढता येणार नाही, आणि तुझ्या मेहुण्याला, लिऑनला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं असतं. तो म्हणतो मी बसने जाईन. परवा घरच्याच जिन्यावर दम लागून दोनदा टेकला. सोळा तारखेला मी नव्या गाडीच्या कागदांवर सही करतेय. रागावशील, पण माया कमी करू नकोस.

तुझी बर्निस


वॉरन, ७ मार्च

चि. बर्निसला आशीर्वाद.

सही करू नकोस. दिवा लागला म्हणजे डबाच गेला असं नाही. पुढच्या पाइपाला चीर असली की बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि आळ डब्यावर येतो. सकाळी गार इंजिन चालू कर आणि ऐक. टकटक येऊन गरम झाल्यावर थांबते का? मग त्या माणसाला एवढंच विचार, की गळती तपासलीत का.

मी शोरूममध्ये मेकॅनिक असताना मिस हॅलोरन नावाच्या शिक्षिकेच्या गाडीचा डबा मीच असा बदलला होता. महिन्याभरात दिवा पुन्हा लागला, तेव्हा चीर सापडली. मी ती गुपचूप बुजवली आणि बाईंना बोललो नाही. चौदा वर्षं झाली. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.

लिऑनला जप. उत्तराची वाट पाहतो.

चेस्टर


ईरी, १८ मार्च

ती. दादास सा. न.

टकटक आधी लिऑनलाच ऐकू आली. म्हणाला, म्हाताऱ्याला फोन ऐकू येत नाही, पण साठ मैलांवरचं इंजिन बरोबर ऐकू येतं.

सर्व्हिसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कॉम्प्युटरने सांगितल्यावर तपासायचं काय. मी किल्ली मागून घेतली. चर्चमागे डोरीन नावाच्या बाईचं छोटं गॅरेज आहे. तिने पाइपात धूर सोडून मला दाखवलं. सांध्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. सांधा हवाबंद ठेवणारं गॅस्केट फाटलं होतं. तासाभरात नवं बसवलं. चार दिवस गाडी फिरवली, दिवा लागला नाही, आणि काल तपासणीत पास झाली. घरी येताना लिऑन शेजारच्या सीटवर गाढ झोपला. कित्येक दिवसांनी मीही रात्रभर झोपले.

मिस हॅलोरनचं मी काय सांगू? पत्रं तुला लिहिता येतात.

तुझ्या मायेतली,
बर्निस


वॉरन, २ एप्रिल

चि. बर्निसला अनेक आशीर्वाद.

लिहिलं. तीन कागद फाडले, चौथा पोस्टात टाकला. पैसे परत करतो असंही लिहिलं. पत्र पेटीत गेल्यावर हात घालून काढता येईल का, तेही पाहिलं.

शनिवारी बाईंचं उत्तर आलं. लिहितात, राग आला, दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पैसे नकोत. पण हल्लीच्या गाडीतून सकाळी खडखड येते आणि शोरूममध्ये न्यायची भीती वाटते, तर येऊन ऐकाल का?

उद्या सकाळी सातला बोलावलंय. कानातलं यंत्र पुसून ठेवलंय. काय सापडेल ते बाईंना तिथल्या तिथे सांगीन, आणि तुला पत्राने.

चेस्टर