मारेगावचं टार्गेट, पुसदचा फोन

२ मार्च २००६
आज बँकेच्या जिल्हा ऑफिसात सगळ्या शाखांच्या मॅनेजरांची मीटिंग. टार्गेट मी ठरवते—मागच्या वर्षीच्या ठेवी, वर सरसकट वीस टक्के—म्हणून शिव्याही मीच खाते. मारेगावचे अब्रारभाई तर उभेच राहिले. "जिनिंग मिलले कुलूप हाय मॅडम, कापसाले भाव नाही. वीस टक्के कुठून आणू?" टार्गेटपायी त्यांचं प्रमोशन दोनदा हुकलंय.

जेवताना माझ्या टेबलावर कोणी नाही. फक्त पुसदच्या मॅनेजर विमलताई ताट घेऊन आल्या. "काहून एकटी बसली वं?" किती बरं वाटलं!

७ मार्च
मारेगावला जाऊन आले. बाजाराचा दिवस, आणि दुकानदार गल्ल्यावर पेंगताहेत! अब्रारभाई खरंच बोलत होते. सरसकट वीस टक्के म्हणजे निव्वळ आळस.

९ मार्च
गावात पैसा किती फिरतो, त्यावरून टार्गेट—असं नवं कोष्टक केलं. साहेब म्हणाले, "करा. पण जिल्ह्याची बेरीज कमी होता कामा नये." मग मारेगावचं उतरवून टाकायचं कुठे? पुसदवर. मोठी बाजारपेठ, शाळा-कॉलेजांचे पगार. पुन्हापुन्हा मांडलं, तरी पुसदच!

संध्याकाळी विमलताईंचा फोन. रोज येतो. भाजी काय केली, ताप उतरला का—असलंच काहीबाही. इथे बदलून आल्यापासून माझ्याशी बँकेबाहेरचं बोलणारं हे एकच माणूस. सांगायची हिंमत झाली नाही.

१० मार्च
पाठवलं. मारेगाव आठ टक्के, पुसद तीस.

११ मार्च
फोन नाही.

१५ मार्च
धुळवड. खाली पोरांचा दंगा. फोन नाही.

१९ मार्च
काल अब्रारभाई ऑफिसात आले होते. "आता होऊन जाईन मॅडम. मेहनत केली तं दिसन बी." मन भरून आलं. पण घरी येऊन सांगू कुणाला?

आज मीच विमलताईंना फोन लावला. "मी मीटिंगमध्ये हावो," म्हणाल्या. रविवारी कसली मीटिंग!

कोष्टक चुकलेलं नाही. तेवढं एक चुकलं असतं तर बरं झालं असतं.

३ एप्रिल
टार्गेटचं काम आजपासून नव्याने बदलून आलेल्या गोपालकडे. मला वसुलीला टाकलं. संध्याकाळी शेजारच्या टेबलावर त्याचा मोबाईल वाजला. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला—"खोली भेटली का रे? रविवारी ये पुसदले जेवाले."

फोन ठेवून गोपाल म्हणाला, "विमलताई किती मायाळू आहेत, नाही?"

"हो," म्हटलं.