रेषा ढिगाऱ्यावर पडत नाही

अल्लाच्या नावाने. मी मेत्वल्ली अब्दुल-गवाद, वय एकोणऐंशी, राहणार नझलेत अल-सम्मान, गिझा, हे लिहून ठेवतो. पाय गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट लेक नगात हे लिहू नका म्हणून दोन दिवस जेवलेली नाही.

घर, अंगण आणि दोन घोडे यांची वाटणी शरियतप्रमाणे व्हावी. त्यात मला बोलायचा अधिकार नाही. एक तृतीयांश माझ्या हातात आहे, त्यातून मोजणीची पितळी दुर्बीण आणि तिची तिकाटी गावच्या शाळेला द्यावी. मुलांनी हात लावला तर ओरडू नये.

चुलतभाऊ सनद मयताला येईल आणि सगळ्यांत मोठ्याने रडेल. त्याला बिनसाखरेची कॉफी द्यावी आणि मागच्या रांगेत बसवावं. माझी शिडी त्याने सत्तावीस वर्षांपूर्वी नेली आहे.

आता मुख्य गोष्ट. आमचे तीन पिरॅमिड म्हणजे मृग नक्षत्रातले तीन तारे, असं मानणारा एक खवागा, म्हणजे परदेशी साहेब, तीन हिवाळे माझ्या घरी उतरला होता. आकाशात त्या तीन ताऱ्यांची रेषा वाढवली की व्याध लागतो. तशीच जमिनीवर वाढवली तर वाळवंटातल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर पडेल, अशी त्याची खात्री होती. मोजणी आमच्याकडे होती: दुर्बिणीवर मी, पुढे मोजणीची काठी धरून माझा जोडीदार बयूमी.

बयूमी म्हणाला, "मेत्वल्ली, रेषा ढिगाऱ्यावर नाही पडत रे. अकरा हात पश्चिमेला जातेय."

"गप बस की. तीन वर्षं झुरतोय बिचारा या ढिगाऱ्यासाठी."

"मग झुरू दे. दगड काय त्याच्यासाठी सरकणारेत?"

खवागाचा चेहरा पडत चालला होता. माझ्या घरचं मीठ खाल्लेला पाहुणा हिरमुसला होऊन परत जावा, हे आमच्यात बसत नाही. मी सांगितलं, रेषा बरोबर ढिगाऱ्यावर आहे, बयूमीची नजर अधू झाली आहे. खवागाने मला मिठी मारली आणि बयूमीला त्याच दिवशी कामावरून काढलं.

माझं ते खोटं खवागाच्या पुस्तकात छापलं गेलं. लोक ढिगारा बघायला येऊ लागले, मी दाखवू लागलो, आता जावई दाखवतो. बयूमीला गाव आंधळा म्हणू लागलं. काठी पुन्हा कोणी त्याच्या हातात दिली नाही. पुढची सगळी वर्षं त्याने दुसऱ्यांचे उंट धुतले. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो आणि सलाम करत होतो. तो सलाम घ्यायचा, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

नगात म्हणते, "बाबा, आता हे उकरून काय मिळणार? आमच्या तोंडचा घास जाईल." जाईल, पोरी. तरीही हा भाग दफनानंतर मशिदीच्या दारात मोठ्याने वाचावा. त्याची नजर अधू नव्हती, माझी जीभ खोटी होती.

दुर्बीण मला बयूमीलाच द्यायची होती. वकील म्हणाले, जो घेतो तो साक्षीदार होऊ शकत नाही. मला त्याची सही जास्त हवी आहे, म्हणून त्याला काही देत नाही. त्याने माझ्या जनाज्याला खांदा द्यावा, अशी विनंती आहे. त्याने नाही म्हटलं तर पुढची उजवी बाजू सनदला देऊ नये.

ठिकाण नझलेत अल-सम्मान. २४ मुहर्रम १४२८, म्हणजे १२ फेब्रुवारी २००७.
सही: मेत्वल्ली अब्दुल-गवाद

साक्षीदार पहिले: रमसीस बुत्रोस, वकील.

साक्षीदार दुसरे: बयूमी शहाता. मजकूर दोनदा वाचून घेतला. वर 'अकरा हात' लिहिलं आहे, ते चूक आहे. तेरा होते. मी तेव्हाही तेराच म्हणालो होतो. ही दुरुस्ती धरून सही करतो. खांद्याचं तेव्हा बघू.