सासऱ्यांचं अंत्यदर्शन, टेक चार

३ नोव्हेंबर, सोमवार. दुकानात
आजपासून मी दिग्दर्शक. घरी अजून सांगितलेलं नाही.

आठ महिने गल्ल्यावर बसून मोबाईलवर एक्केचाळीस डार्क कॉमेडी सिनेमे पाहिले (बावीस पूर्ण). निष्कर्ष असा: माणसावर एकामागून एक संकटं कोसळतात, तो त्यात अर्थ शोधतो, लोक हसतात. हसता हसता गप्प होतात. गप्प झाले की बक्षीस. नांदेडला तीस तारखेला शॉर्ट फिल्म स्पर्धा आहे. लातुरात भांड्यांची इतकी दुकानं, पण डार्क कॉमेडी कळणारा मालक मी एकटाच. जबाबदारी येतेच.

स्टोरी: माणूस मरतो. अंत्यविधीत सगळं चुकत जातं. शेवटी मुलगा (मी) सहा मिनिटं आयुष्याचा अर्थ सांगतो.

संकल्प: १) मोनोलॉग पाठ करणे. २) पोट कमी करणे.

५ नोव्हेंबर
मंजुश्रीला सांगितलं. तिनं विचारलं, मेलेला कोण होणार? थेट कास्टिंगवर आली. म्हणजे बायकोला इंटरेस्ट आहे.

कॅमेरामन ठरला. विष्णुपुरीचा संघपाल. लग्नाची शूटिंग करतो. म्हणाला, सध्या लग्नंच करून राहिलो, मयत कधी केली न्हाई, पण येतो. मग विचारलं, यात कॉमेडी कुठं हाय? म्हटलं, दुःखात. बरं म्हणून त्यानं फोन ठेवला. भारावला असणार.

पोट: उद्यापासून.

९ नोव्हेंबर, रविवार
मयत म्हणून ठरवलेले नाट्यमंडळाचे गृहस्थ आज नाही म्हणाले. बायको अपशकुन म्हणते. पहिलं संकट! अगदी सिनेमात येतं तसं. यातला अर्थ पाच मिनिटांत सापडला: नवीन चेहरा घ्यावा अशी नियतीची इच्छा आहे.

नवीन चेहरा: मामा. म्हणजे सासरे, महादेवप्पा गुरुजी, मुक्काम रेणापूर. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. चेहऱ्यावर हालचाल मुळातच कमी. माझ्याशी बोलताना तर नाहीच.

मंजुश्री भडकली. जित्या माणसाला मयताचा हार घालायलाव, लाज हाय का कायी? म्हटलं, आर्ट आहे. ती म्हणाली, अप्पांना विचारून बघा, छडी अजून कोपऱ्यातच हाय.

१२ नोव्हेंबर
मंजुश्रीला घेऊन रेणापूरला जाऊन आलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, डायलॉग किती? म्हटलं, मयताला नसतात. मग विचारलं, माणसं किती येणार? म्हटलं, शंभर तरी दाखवायचीत. म्हणाले, बसतो.

परत येताना लातूर जवळ आलं. मंजुश्री म्हणाली, अप्पा मे २०२० ला रिटायर झाले. लॉकडाउन. ना निरोप समारंभ, ना शाल, ना नारळ. शाळेच्या किल्ल्या शिपायाच्या हातात दिल्या आन चालत घरी आले.

हृद्य प्रसंग. पण आपल्या स्टोरीत बसत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. रेणापूर. शूटिंग

सकाळी ८. आम्हा लिंगायतांत मयताला बसवून नेतात, म्हणून मामांना अंगणात मंडपवाल्याच्या महाराजा खुर्चीत बसवलं. कपाळावर भस्म, गळ्यात झेंडूचा जाड हार, डोळे मिटलेले. बघून मलाच भरून आलं.

९.३०. टेक एक: मामांना शिंक. टेक दोन: सासूबाई गौरम्मांनी रडायचं होतं. त्यांनी ऐनवेळी विचारलं, यांनी चहा घेतला का? टेक तीन: मामा घोरले. संघपाल म्हणाला, ठेवू की, मस्त आलंय. म्हटलं, मयत घोरत नाही. तो म्हणतो, तुम्हीच कॉमेडी म्हणून राहिले होते ना? याला जॉनर कळत नाही.

११. टेक चार. गेटातून दोन माणसं आत शिरली. मामांचे जुने विद्यार्थी. खुर्ची आणि हार बघून त्यांना वाटलं, सत्कार! गुरुजी, आमाला कामून सांगितलं न्हाई, म्हणत पाया पडले. मामा शिस्तीत मेलेलेच. एकजण पळत जाऊन शाल घेऊन आला, दुसऱ्यानं फोन लावले. अर्ध्या तासात चाळीस माणसं, शाली आणि नारळ. मला शंभर हवी होती, पण रडणारी. मी ओरडून सांगितलं, गुरुजी मेलेत, गुरुजी मेलेत! एकानं माझ्याच हातात नारळ दिला.

१२. गेटापाशी हंबरडा. उमाबाई आत्या, मामांची थोरली बहीण, उदगीरहून. तिला कुणीतरी सकाळी फोनवर सांगितलं होतं की तुमच्या भावाला हार घालून अंगणात बसवलंय. माज्या म्हादू रे, म्हणत ती खुर्चीपर्यंत आली. मामांनी डोळे उघडले. विचारलं, आक्का, उन्हाचं कशाला आलीस?

आत्यानं भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि गळ्यात पडून खरंखुरं रडली. इतकं चांगलं रडणं टेक दोनला मिळालं असतं तर!

मग मामा उठून उभे राहिले आणि भाषण सुरू केलं. मी म्हटलं, मामा, बसा, तुम्ही मेलाय. ते म्हणाले, जावईबापू, पाच मिनिटं थांबा.

पंचेचाळीस मिनिटं झाली तरी चालूच. मी कट म्हणून निघून गाडीत बसलो. काच वर केली. ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. लोक हसत होते, मग गप्प झाले. मंजुश्री डोळे पुसत होती. धुळीनं असेल.

माझा मोनोलॉग राहिला.

१७ नोव्हेंबर
सिनेमा बंद. कायमचा. उरलेलं आयुष्य भांड्यांना.

संध्याकाळी. संघपालचा फोन. कट म्हणाले होते, पण मी कॅमेरा बंद केला न्हाई. तेच जोडून स्पर्धेला पाठवून राहिलो, चालंल का? मोठ्या मनानं माफ केलं. अट एकच: मोनोलॉग घ्यायचा.

सिनेमा पुन्हा चालू.

२३ नोव्हेंबर
मोनोलॉग दुकानातच मोबाईलवर शूट केला. मागं कुकर रचले. सहाची साडेआठ मिनिटं झाली, अर्थच तेवढा निघाला. संघपालला पाठवला. उत्तर आलं: मिळाला. एकच शब्द. पाहून सुन्न झाला असणार.

बक्षीस घेताना घालायला जाकीट आणलं. बटण लागत नाही. उघडंच बरं दिसतं.

३० नोव्हेंबर, रविवार. नांदेड
मामा, सासूबाई, मंजुश्री, सगळ्यांना गाडीतून घेऊन आलो. हॉल भरलेला.

फिल्म अकरा मिनिटांची. मोनोलॉग नाही. मी दोनदा दिसतो. एकदा नारळ हातात घेऊन "गुरुजी मेलेत" ओरडताना. सगळ्यात मोठा हशा तिथं. दुसऱ्यांदा काच वर करून गाडीत बसलेला, तोंड वाकडं. तिथंही हसले.

मग मामांचं भाषण लागलं. मामा सांगत होते, शेवटच्या दिवशी मी एकटाच शाळेत गेलो. कुलूप लावायच्या आधी सगळ्या खोल्या बघितल्या, आत एखादं लेकरू राहिलं न्हाई ना. दोनदा बघितल्या. शाळा तर दोन महिने बंदच होती.

हॉल गप्प. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवशी काच वर होती.

पहिलं बक्षीस. स्टेजवरून "दिग्दर्शक" असं पुकारलं तेव्हा मी उठलो, जाकीट ओढलं. नाव संघपालचं घेतलं. उठलोच होतो म्हणून टाळ्या वाजवल्या. उत्कृष्ट अभिनेता, महादेवप्पा गुरुजी. मामा माईकवर गेले. आक्काचे आभार मानले, विद्यार्थ्यांचे, संघपालचे, गौरम्मांचे. मी अजून उभाच. मामांनी माझ्याकडं बघितलं.

म्हणाले, आणि आमचे जावई. गाडी लई नीट चालवत आणली त्यांनी.

टाळ्या पडल्या.

येताना लोह्याच्या पुढं तीन म्हशी आडव्या आल्या होत्या. वेळेवर ब्रेक मारला. मागं कुणाला धक्कासुद्धा बसला नाही.