शिवणवालीच्या रश्शातलं मीठ

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एक्क्याऐंशी (शाळेच्या दाखल्यात एकोणऐंशी आहे, पण तो माझ्या वडिलांनी अंदाजाने लिहवला होता), राहणार तिसरा मजला, जिन्यावरून उजवीकडचं दार, माझ्या मागे काय कोणाला जावं ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. काल कोणती भाजी केली, परवा कोणती, आणि सूनबाईने त्यातली किती गुपचूप टाकून दिली हे मला सांगता येतं. याच्यावर पुरावा हवा असेल तर वकिलांनी येऊन विचारावं. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेत नाही. गोड बोलायला घरात वेळ आहे कोणाला?

वकील म्हणाले, "आजी, मुद्द्याचं लिहा." मी म्हटलं, "मुद्द्यापर्यंत चालत जावं लागतं हो, उडी नाही मारता येत या वयात." हसले बिचारे. भला माणूस आहे, फक्त नखं खातो.

कलम एक. हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी, मुलाला. त्याला स्वयंपाकघराची खिडकी बुजवून तिथे धूर ओढणारा पंखा बसवायचा आहे. दोन वर्षं मी नको नको म्हणत होते. आता बसव बाबा. समोरून बोलायला कोणी उरलेलं नाही, नुसती भिंत बघायला खिडकी कशाला हवी?

ही खिडकी काय आहे ते लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून लिहिते. आमच्या मजल्यावरच्या चारही स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या एका बोळात उघडतात. बोळ म्हणजे नळाचे पाइप खालीवर न्यायला सोडलेली पोकळी, रुंदी चार हात. तिथे ऊन येत नाही, वारा येत नाही, पण बोलणं मात्र सगळं येतं. एका खिडकीत मी, उजवीकडे मास्तरीणबाई, डावीकडे नर्सबाई, बरोबर समोर शिवणवाली. बावीस वर्षं आम्ही चौघींनी चार भिंतींच्या आड राहून एकाच ओट्यावर स्वयंपाक केला म्हणा.

"आज काय गं?"

"बटाटे."

"काल पण बटाटेच होते की."

"काल सालं होती, आज काढलीत. घरात सांगणार, नवीन पदार्थ आहे."

मग मास्तरीणबाई म्हणायच्या, "आमचे साहेब काल जेवताना छान म्हणाले."

"अगबाई! ताप बघितलात का?" हे नर्सबाईंचं. असं चालायचं. कोणाच्या सासूचा गुडघा, कोणाच्या पोराचं गणित, अंडी महागली, दूध नासलं. बाहेरच्या माणसाला वाटेल काय या बायका बडबडतात. पण त्या बडबडीवर माझे हे गेल्यानंतरचे दिवस निघाले. नाहीतर मी त्याच वर्षी गेले असते, वकिलांची फी वाचली असती.

मास्तरीणबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. नर्सबाईंना मुलगी घेऊन गेली, ती खिडकी आता एका कंपनीच्या गोदामाची आहे, आत खोकी रचलीत. समोरची शिवणवाली आहे. तिच्याबद्दल पुढे येतं. लिहायला हात जड होतोय, म्हणून आधी सोपी कलमं उरकते.

कलम दोन. बँकेत जे असेल ते नातीला. सगळं. मुलाने तोंड वाकडं करू नये, त्याला घर दिलंय. माझी नात म्हणजे काय सांगू! तिला मुलगी झाली, मी पणजी झाले, आणि त्या मुलीला परवा दुसरा दात आला. फोनवर दाखवला मला. तांदळाचा दाणा जसा. मी दिवसभर जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. दूधवाला म्हणाला, "आजी, तुम्हाला परत दात आल्यासारखं करताय." मग काय! मला दुसरं आहे काय आनंद करायला?

कलम तीन. यांची हत्यारं. हे नळदुरुस्ती करायचे. दोन मोठे पाने, तीन लहान, एक पक्कड, पाइप कापायची करवत आणि आटे पाडायचं यंत्र. हे सगळं तळमजल्यावरच्या नळवाल्याला. त्याने मोठा पाना एकदा मागून नेला आणि आठ महिन्यांनी गंजवून परत दिला, तरीही त्यालाच. एवढ्याचसाठी की दर वेळी पाना हातात घेतला की त्याला माझं तोंड आठवावं.

कलम चार. माझ्या नणंदेला काही नाही. तिला का नाही ते तिला माहीत आहे. तिला माहीत नसेल तर तेच कारण.

कलम पाच. भांडी सूनबाईची. त्यांत एक पळी आहे, यांनी दोन हात लांबीच्या पाइपाला तारेने बांधलेली. ती कशाला होती ते आता सांगते, आणि यापुढे मध्ये मध्ये विनोद करणार नाही.

आमच्या चौघींचा एक नियम होता. आपलं भांडं आपण चाखायचं नाही. मास्तरीणबाईंचं वाक्य होतं, "वाफेत उभी राहिलेली जीभ खोटं बोलते." खरंच आहे. दीड तास कांद्यामसाल्याच्या वाफेवर वाकलं की तोंडाला काही कळत नाही. म्हणून भाजी शिजली की पळीत थोडी घ्यायची, पाइप बोळातून पुढे सरकवायचा, समोरचीने चाखायची आणि सांगायचं. मीठ कमी, आंबट जास्त, पाच मिनिटं अजून, उतरव. समोरचीचा शब्द शेवटचा. त्यावर वाद नाही, परत स्वतः चाखून बघणं नाही. आणि चौघींत माझी जीभ सगळ्यांत पक्की. नर्सबाई म्हणायच्या, "काकूंनी उतरव म्हटलं की घड्याळ बघू नये." मी चौथी शिकलेली बाई. मला दुसरं कोणी कशात विचारत नव्हतं. इथे मास्तरीणबाईसुद्धा थांबून बघायच्या माझ्या तोंडाकडे. ते मला फार गोड लागायचं, हे लिहून ठेवते.

साडेतीन वर्षांमागे थंडीत मला ताप आला. ताप गेला, पण जाताना चव घेऊन गेला, वासही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. नाही आली. कांदा आणि पुठ्ठा मला एकच. मी कोणाला बोलले नाही. तोवर मास्तरीणबाई गेल्या होत्या, नर्सबाईंचं सामान बांधून झालं होतं. उरली शिवणवाली आणि मी. तिची पळी यायची, मी तोंडात घ्यायची, रंग बघायची, दाटपणा बघायची, आणि म्हणायची, "मीठ थोडं कमी." कारण तिचा हात मिठाला आखडता. बावीस वर्षांत तिच्या रश्शात मीठ कमीच असायचं. सहा महिने मी असे निभावले. एकदाही चुकले नाही.

कलम सहा. शिवणवालीबद्दल.

तिचे डोळे जायला लागले होते. काजं करताना सुई खिडकीच्या उजेडाला धरायची, दोरा चार-चार वेळा चुकायचा. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण हवी होती. नेमण्याआधी तिथल्या मुख्य बाई घरी येऊन जेवून बघणार होत्या. ही आनंदाने वेडी झाली होती. आदल्या दिवशी खिडकीत म्हणाली, "काकू, शंभर मुलींचं जेवण! सुई ओवायला नको, काही नको. पातेलं तर मला आंधळीलासुद्धा दिसेल."

म्हटलं, "बाई, पातेल्यात पडू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी अकराला तिने शेंगा-बटाट्याचा रस्सा केला. पळी आली. मी तोंडात घेतला. गरम आहे एवढं कळलं. तिच्याकडे बघितलं तर ती ओठ दाताखाली धरून उभी. मला म्हणता आलं असतं, "बाई गं, मला सहा महिने झाले काही कळत नाही, आज तूच चाख." तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हटलं ते नेहमीचंच.

"मीठ कमी आहे. घाल अजून चमचाभर."

"चमचाभर? नक्की, काकू?"

"मी सांगतेय ना."

तिने घातला. घाबरून त्या दिवशी तिच्या हातून मीठ आधीच दोनदा पडलं असणार, पण हे मला कसं कळावं? माझ्या जिभेला कळायला हवं होतं. त्यासाठीच तर पळी आली होती.

मुख्य बाईंनी एक घास घेतला आणि पाणी मागितलं. दुसरा घेतला नाही.

संध्याकाळी ती खिडकीत आली. रडलेली नव्हती. म्हणाली, "काकू, तुम्ही चाखलंत ना?"

"चाखलं की."

"मग?"

आणि आता जे मी म्हटलं ते शब्द न बदलता लिहिते. मी म्हटलं, "मी चाखलं तेव्हा बेताचं होतं. नंतर तूच ओतलं असशील घाबरून. तुझा हात मला माहीत आहे."

तिने खिडकी लावली. तीन वर्षं उघडली नाही. काचेमागे दिवा दिसतो आणि मशीनचा आवाज येतो. तो हल्ली थांबत थांबत येतो.

ती नोकरी तिच्या हाताने गेली नाही, माझ्या तोंडाने गेली. तिला वाटत आलं असेल की म्हातारीने जळून केलं, किंवा त्याहून वाईट, की आपलाच हात वाईट. दोन्ही खरं नाही. तिचा हात चांगला होता.

या कलमात आधी मी तिला काही लिहून दिलं होतं. मोठं पातेलं, माझा दिवा आणि चष्म्याला लागेल ती मदत. वकील म्हणाले, "आजी, दोन साक्षीदार लागतील. आणि ज्याला काही मिळतं त्याची साक्ष नको." मी विचार केला. देणं लिहिलं तर माझ्या मागे तिच्या दारात पातेलं जाईल. साक्षीला बोलावलं तर ती स्वतः माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल, मी जिवंत असताना. तेवढ्यात मी सांगेन. म्हणून देणं खोडलं. वर शाईचा डाग आहे तो त्याचाच.

गेल्या सोमवारी तिच्या दारावर गेले. जिन्यातून सात पावलं, तीन वर्षं लागली. तिने दार उघडलं, पण माझ्या तोंडाकडे न बघता थोडं बाजूला बघितलं. मी बोलल्यावर वळली.

"काकू का?"

"मीच गं. एक सही हवी होती. मृत्युपत्र केलंय. साक्षीदार म्हणून."

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही. आणि वाचणं आता होत नाही मला. काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा तोंडाने, मग बोट ठेवाल तिथे करते."

बघा, तिने दार पूर्ण उघडलं होतं. खुर्ची सरकवल्याचा आवाजही झाला. बाकीचं फक्त माझ्याकडून यायचं होतं.

मी म्हटलं, "काही नाही गं. भांडीकुंडी. इकडचं तिकडे."

"मग भांड्याकुंड्यांना माझी साक्ष कशाला? दूधवाल्याला घ्या," ती म्हणाली. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. दार लावताना तिने कडी हाताने चाचपून शोधली.

महिनाअखेरीस तिला तिचा भाऊ घेऊन जाणार आहे. मशीनचाही सौदा झालाय. हे मला दूधवाल्याने सांगितलं.

नातीचा फोन येतो, विचारते, "आजी, मीठ किती घालू?" मी म्हणते, "चवीपुरतं." ती म्हणते, "आजी, तू ग्रेट आहेस." मी हसते. तिलाही सांगितलेलं नाही.

कलम सात. माझ्या मुलाला या मृत्युपत्राचा अंमल करणारा नेमते. त्याने कलम सहा शिवणवालीकडे जाऊन, ती जिथे असेल तिथे, पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचून दाखवावं. फोनवर नको, समोर बसून. तो वाचणार नाही. म्हणेल, म्हातारी गेली, जुनं कशाला उकरायचं, आणि कागद घडी घालून कपाटात ठेवील. तोंडाशी आलेलं गिळायची सवय त्याला माझ्याकडूनच लागली. तरी लिहिते, कारण वकील म्हणाले, लिहिलेलं असलं की असतं.

वरचं सगळं मी वाचून बघितलं. खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर, ओट्याजवळचं टेबल.
वार : गुरुवार. तारीख : अकरा. सकाळचे दहा वाजून गेले.

सही : (वाकडी आली आहे, पण माझीच)

आमच्यासमोर बाईंनी शुद्धीत सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही.

साक्षीदार पहिला : दूधवाला
साक्षीदार दुसरा : विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस. यांनी बाईंना विचारलं, "कशाबद्दल आहे हे?" बाई म्हणाल्या, "भांडीकुंडी."