पुढच्या हिवाळ्याचं लाकूड

३ ऑक्टोबर

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. अख्ख्या वॉर्डाला दरडावणाऱ्या नर्सबाईंना मी अजून छकुली म्हणते म्हणून फुगू नकोस. लग्न होऊन आले तेव्हा आठ वर्षांची, दोन वेण्यांची तू आधी माझ्या ताब्यात आलीस आणि तुझा दादा नंतर. पोटी मूल झालं नाही, पण वाढवायचं काही राहून गेलं असं कधी वाटलं नाही, ते तुझ्यामुळे.

आता खरी बातमी. यांचा खोकला उन्हाळ्यातही हटला नाही, म्हणून मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, तीस वर्षं वखारीत करवतीपुढे उभं राहून जो भुसा आत गेलाय, तो आता बाहेर यायचा नाही. धूर, धूळ आणि थंडी, तिन्हींपासून जपायचं आणि कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. बरं वाटेल ना, असं मी विचारलं तर म्हणाले, जपा.

दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधीच सरपण फोडून पडवीत रचलेलं असायचं, म्हणजे थंडीपर्यंत खडखडीत वाळायचं. यंदा त्याच दिवसांत हे अंथरुणाला खिळले. आता कुठे ओंडके येऊन अंगणात पडलेत. लाकूडफोड्या या डोंगराळ गावात एकच, तो बर्फ पडेपर्यंत मोकळा नाही. म्हणून कुऱ्हाड मीच घेतलीय. हसू नकोस. पहिल्याच घावाला ती अशी रुतून बसली की काढायला मला ओंडक्यावर पाय देऊन लटकावं लागलं. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, वहिनी, सरपण चाललंय की कुस्ती.

हे खिडकीशी खाट ओढून पडतात आणि काचेवर टकटक करून शिकवतात. एकदा म्हणजे डावीकडे सरक, दोनदा म्हणजे उजवीकडे, आणि सारखी टकटक म्हणजे थांब, पाय तोडून घेशील. काल एक ओंडका एका घावात दुभंगला. मी वळून पाहिलं तर यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मी पुढचा ओंडका उभा केला.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी

१४ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. एकदा बहीण म्हणून, दोनदा नर्स म्हणून. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं तू उतरवून पाठवलीस, ती मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती वाचून फक्त दादाचं वय विचारलं. तेवढ्यावरून मी काय समजायचं ते समजले.

वहिनी, ओलं लाकूड त्याच्या खोलीत अजिबात जाळू नकोस. ओल्याला जाळ कमी आणि धूर जास्त. त्यापेक्षा तुम्ही दोघं इकडे या. दोन खोल्या आहेत, चौथा मजला आहे, भिंतीत गरम पाण्याचे नळ आहेत, काडी पेटवावी लागत नाही. मीच न्यायला आले असते, पण आमच्याकडे तिघीजणी आजारी आहेत आणि मेट्रनने रजेचा अर्ज वाचायच्या आधीच बाजूला ठेवला. परक्यांच्या छातीला नळ्या लावते मी दिवसभर. घरच्या माणसासाठी हातात फक्त पेन आहे.

तुझे हात बघून घे. फोड फोडू नकोस, स्वच्छ फडकं बांध. दादाला म्हणावं, धाकटीने दटावलंय.

उत्तर लवकर दे, नाहीतर मी रुसेन आणि ते तुला महागात पडेल.
तुझी, अजूनही दोन वेण्यांची
छकुली

२ नोव्हेंबर

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, चौथ्या मजल्यावर जाऊन मी काय करू, नळांकडे बघत बसू? पुढे बोलणं खोकल्यात गेलं. मी दोन दिवस अबोला धरून पाहिला, तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना.

लाकूड निम्मं फोडून झालंय. पाचर कुठे मारायची, गाठीला वळसा कसा घालायचा, हे आता हाताला कळतं. पण जाळून पाहिलं तर फाटीच्या टोकाला फेस येतो, सूं सूं करत पाणी गळतं आणि धुराडं आहे तरी खोली धुराने भरते. मागच्या साली उरलेलं थोडं वाळकं आहे, मास्तरांनी चार मोळ्या दिल्या. त्यांच्याही घरात म्हातारी बहीण आहे, आणखी कुठल्या तोंडाने मागू? ते वाळकं मी फक्त यांच्या खोलीत जाळते आणि स्वयंपाकघरात शाल पांघरून बसते. विजेची शेगडी आणली, पण इथे वारा सुटला की वीज जाते, हे तुला सांगायला नको.

परवा मी दुकानातून आले तर हे अंगणात. कुऱ्हाड हातात, तीन घाव घातलेले, ओठ निळे. धरून आत आणलं. म्हणाले, बघत होतो अजून जमतं का. मोजे काढून पाय चोळत बसले. आपण कुणावर चिडावं तेच कळत नाही.

पत्र दोन ओळींचं का होईना, धाडत जा. तेवढाच ऊब देणारा कागद.
तुझी वहिनी

५ नोव्हेंबर

चि. छकुलीस,
अ. आ.

मी पत्र लिहीत नाही हे तू जाणतेस, तेव्हा यात काही काम असणार हेही ओळखलं असशील. वहिनी मास्तरांकडे गेलीय, तेवढ्यात लिहितो. तिला यातलं बोलू नकोस.

हे लाकूड या हिवाळ्याचं नाहीच. फोडलेल्या लाकडाला वाळायला अख्खा उन्हाळा लागतो, हे वखारीतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. सप्टेंबरात ओंडके मागवले तेव्हाच मला ठाऊक होतं. हे पुढच्या हिवाळ्याचं आहे. त्या हिवाळ्यात ती एकटी असेल. फोडायला ती शिकली पाहिजे आणि पडवी भरलेली पाहिजे, एवढं मला करून ठेवता येत होतं.

खिडकीतून बघणं सोपं नाही. घाव चुकला की आवाजावरूनच मला कळतं आणि माझा खांदा आपोआप हलतो. तिच्या तळव्यांची सालटी निघालीत. थांब म्हणावंसं वाटतं आणि म्हणत नाही. यात मी चूक करतोय का, ते तू सांग. पण तिला नको.

तू लहानपणी पायात येऊन झोपायचीस, तशी आठवणीत आहेस.
दादा

१५ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दादाचा शब्द मी आजवर मोडला नाही. आज मोडते. त्याचं पत्र सोबत घातलंय, वाच. आठ दिवस ते एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. तो तुला एकटं राहायला शिकवतोय आणि तुला वाटतंय की तू त्याला जगवायला लाकूड फोडतेयस. हे मला एकटीला माहीत असणं सहन होईना. चुकले असेन तर तू मार, पूर्वी मारायचीस तशी.

मेट्रनच्या टेबलासमोर उभी राहून रडले. चार दिवसांची रजा मिळालीय. बावीस तारखेला जीप घेऊन येते. दोघांनाही उचलून नेणार, हो-नाही विचारणार नाही. गरम कपडे तेवढे बांधून ठेव.

मी पोचेपर्यंत एकमेकांना सांभाळा.
तुझी छकुली

३ जानेवारी

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तू नोव्हेंबरच्या बावीस तारखेला पुलापर्यंत येऊन परत गेलीस, हे पोस्टमनने चालत येऊन सांगितलं. वीस तारखेपासून जे बर्फ पडायला लागलं, ते थांबलंच नाही. रस्ता बंद, वीज बंद. तुझा दोष नाही. पलीकडे उभी राहून तुझं काय झालं असेल ते मला कळतं.

यांचं पत्र मी वाचलं आणि यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, मला पुढचा हिवाळा नको, मला हा हवाय. यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, हा माझ्या हातात नाही गं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मी कुऱ्हाड उचलली नाही. दुसऱ्या दिवशी उचलली. दुसरं काय करणार होते?

वाळकं लाकूड नवव्या दिवशी संपलं. ओलं पेटवलं तर यांना श्वास पुरेना, विझवलं तर थंडीने दातखीळ बसायची. तेव्हा यांनीच हाक मारून सांगितलं, जेवणाचं टेबल घे. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणाले, तीस वर्षांचं वाळलेलं लाकूड घरात असताना आपण गारठून मरायचं का? तुला माहीतच आहे, वखारीतून एकेक फळी आणून सगळं यांनी स्वतः केलेलं. मी कुऱ्हाड घेऊन गेले तर म्हणाले, तोडू नकोस, सांध्यातल्या लाकडी खुंट्या मागून ठोक, अलगद सुटेल. कुठली खुंटी कुठे आहे, ते यांना न बघता आठवत होतं. टेबल गेलं, मग कपाट, खुर्च्या, भांड्यांची फळी. दर तीन-चार दिवसांनी एक वस्तू. धूर म्हणून नाही. कपाटाचा एक सांधा काही केल्या सुटेना, तेव्हा हे हसले. म्हणाले, कोणत्या गाढवाने एवढं पक्कं केलंय. हसण्याने खोकला आला, पण हसले.

आता खाटही गेली, माळ्याच्या फळ्या तेवढ्या जाळायला उरल्यात. खोलीत गादी, चूल आणि आम्ही दोघं. तुझा अभ्यासाचा डेस्क अजून ठेवलाय. हे म्हणतात, तो शेवटी. मी म्हणते, तो नाही. बघू कोण जिंकतं.

रस्ता उघडला की ये. त्याआधी यायचं वेड डोक्यात घेऊ नकोस.
तुझी वहिनी

१८ एप्रिल

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तू परत कामावर रुजू झालीस हे बरं केलंस. फेब्रुवारीत रस्ता उघडला त्याच दिवशी तू पोचलीस आणि यांना दोन दिवस तुझ्या हातचं पाणी मिळालं. तिसऱ्या सकाळी गेले. जीप दारात उभी होती तशीच राहिली. लवकर आले असते तर, असं तू पत्रात पुन्हा लिहिलंयस. मीही रोज म्हणते, ओंडके लवकर आणले असते तर. दोघींनी मिळून म्हणून काय होणार आहे? तू जेवत जा.

नंतर माणसं भेटायला आली, उभ्याउभ्याच बोलून गेली, ते तू पाहिलंस. अजून येतात आणि घरात पाऊल टाकलं की कुठे बसावं म्हणून इकडेतिकडे बघतात. तुझ्या डेस्कवर कोणी बसत नाही. पडवी भरलीय. मी फाटी उलटीपालटी करत असते, आता वजनाला हलकी लागतात.

मास्तर काल सुताराला घेऊन आले. तो दारातून आत आला, मोकळ्या भिंतींकडे बघत खोलीभर फिरला आणि मग पेन्सिल कानावरून काढून म्हणाला, आधी काय करायचं? मी म्हटलं, खुर्ची. किती, असं त्याने विचारलं. माझ्या तोंडून दोन निघालं.

त्याने वहीत दोन लिहिलं. मी खोडायला सांगितलं नाही.

तुझीच,
वहिनी